"नाव काय रे तुझं?"



मागच्या सणाच्या संध्याकाळची गोष्ट. मिस्सा संपली होती, मंडपाबाहेर खेळण्यांच्या दुकानांपुढे गर्दी उसळली होती. स्वयंसेवकांनी तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाला साक्रिस्तीत आणून बसवले. अंगात निळा शर्ट, हातात विझलेली मेणबत्ती. तो रडत नव्हता, पण कानांवर हात दाबून पुढे-मागे डोलत होता. आम्ही विचारले, "नाव काय रे तुझं?" तो ताबडतोब म्हणाला, "नाव काय रे तुझं?" एका स्वयंसेवकाला ही थट्टा वाटली. त्याने आवाज चढवला. मुलगा अधिकच डोलू लागला आणि "बाबू, बाबू" असा त्याने धोशा लावला.

आम्हांला वाटले, बाबू नावाच्या कोणाला तरी तो हाका मारतो आहे. काका असेल, थोरला भाऊ असेल. ध्वनिक्षेपकावरून आम्ही स्वतः जाहीर केले, "निळ्या शर्टातला एक मुलगा सापडला आहे. त्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही. बाबू नावाच्या गृहस्थांनी साक्रिस्तीत यावे." आपल्या वसईत बाबूंची काय वाण? दोन बाबू आले. दोघांनीही मुलाला ओळखले नाही. शेवटी त्याची आई धावत आली. आमचे सारे म्हणणे ऐकून घेतल्यावर ती एवढेच बोलली, "फादर, तो सांगत होता की. तोच बाबू."

नोंदवहीत त्याचे नाव आजोबांच्या नावासकट चांगले लांबलचक आहे. त्या नावाने त्याला घरात कधी कोणी हाक मारलेली नाही. आपले जे नाव त्याला ठाऊक होते, ते तो पुन्हा पुन्हा सांगत होता आणि आम्ही माईकवरून साऱ्या धर्मग्रामाला सांगत होतो की याला नाव सांगता येत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना बोएथियसने केलेली 'व्यक्ती'ची व्याख्या आम्ही तोंडपाठ केली होती. परीक्षेत गुणही बरे मिळाले होते. त्या रात्री साक्रिस्तीत तिचा काडीइतका उपयोग झाला नाही. त्यानंतर मात्र आम्ही विशेष शाळांत शिकवणाऱ्या शिक्षिकांशी बोललो, थोडे वाचले, अशा मुलांच्या काही घरी जाऊन बसलो. त्यातून हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत. आपल्या बहुतेक आळ्यांत असे एखादे मूल आहे: कोणाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे, कोणाला डाऊन सिंड्रोम, कोणाला सेरेब्रल पाल्सी. पूर्वी सर्वांना सरसकट 'मतिमंद' म्हणून मोकळे होत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानलेले आहेत, तेव्हा ते एकच लेबल आता पुरे झाले. या मुलांना आपले नाव, घर, आईवडील, फोन, आणि "मला दुखते आहे" एवढे परक्या माणसाला कळेल असे सांगता यावे, इतकाच या लेखाचा विषय आहे.

विषय छोटा आहे, पण त्यावर काय अवलंबून आहे हे नागपूरच्या एका घटनेवरून कळेल. २०११ च्या सुमारास नागपूर रेल्वे स्थानकावर साधारण आठ वर्षांचा एक मुलगा सापडला. त्याला बोलता येई ते केवळ "अम्मा, अम्मा". एका कुटुंबाने त्याला मायेने वाढवले, आणि त्या "अम्मा"च्या जवळ जाणारे एक नवे नाव त्याला मिळाले. २०२१ मध्ये शाळेसाठी त्याचे आधार कार्ड काढायला गेले, तर यंत्र बोटांचे ठसे स्वीकारीना, कारण ते आधीच नोंदलेले होते. शोध घेतला तेव्हा त्याचे मूळ नाव आणि जबलपूरचे घर सापडले. दहा वर्षे त्याचे आईवडील काही तासांच्या रेल्वे प्रवासाच्या अंतरावर होते. तोंडाने जे सांगता आले नाही, ते अखेर बोटांनी सांगितले. म्हणून पालकांना पहिली विनंती: मुलाचे आधार कार्ड काढले नसेल तर काढा, आणि वयाच्या ५ व्या व १५ व्या वर्षी ठसे पुन्हा द्यायचे असतात, ते चुकवू नका.

पण यंत्राची पाळी येण्याआधी पुष्कळ काही शिकवता येते.

आधी नाव ठरवा

पहिले काम मोठ्यांचे आहे. घरात 'बाबू', आजीकडे 'सोन्या', शाळेत इंग्रजी नाव, धर्मशिक्षणाच्या वर्गात आडनाव. चलाख मूल ही सगळी नावे आपलीच म्हणून सांभाळते. ज्याला शब्द जड जातात, ते एकच धरून ठेवते आणि बाकीची त्याच्या कानांवरून निघून जातात. तेव्हा कुटुंबाने बसून एक नाव ठरवावे आणि महिनाभर सर्वांनी त्याच नावाने हाक मारावी. घरचे लाडके नाव टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. मूल त्यालाच ओ देत असेल तर तेच पक्के करा, मग त्याला कागदावरचे नाव जोडा: "बाबू" येऊ लागले की "बाबू डिमेलो". मात्र शाळेला, शेजाऱ्यांना, आम्हांला ते घरचे नाव ठाऊक असू द्या.

आडनावाचीही आपल्याकडे गंमत आहे. एकाच आळीत डिमेलोंची दहा घरे, आणि खरी ओळख पटते ती घराण्याच्या टोपणनावाने. नुसते "डिमेलो" सांगून पोलीस कोणाच्या दारी जाणार? म्हणून गाव, आळी आणि घराजवळची ठळक खूण, म्हणजे क्रूस, तलाव, पिठाची गिरणी, हे मुलाच्या ओळखीचे करून द्यावे. पत्ता पाठ करून घेण्यापेक्षा त्या खुणांचे फोटो दाखवून "हे कुठे? आपल्या घराकडे" असे शिकवणे सोपे जाते.

भाषेचा प्रश्न त्याहून अवघड. घरी कादोडी किंवा वाडवळी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी, दवाखान्यात मराठी, आणि स्टेशनवरचा पोलीस विचारणार "नाम क्या है?" आपल्याला हे चार वेगळे प्रश्न वाटत नाहीत. पण ज्याने "तुझं नाव काय?" एवढेच शिकले आहे त्याच्या दृष्टीने "कोणाचा रे तू?" हा नवीनच प्रश्न असतो. मूल एका वाक्याला उत्तर देऊ लागले की दुसऱ्या वळणाने विचारावे, मग हिंदीतून, मग मामाने, मग दुकानदाराने. आईला दिलेले उत्तर हे अर्धेच उत्तर आहे, कारण आईला त्याचे नाव आधीच ठाऊक असते. मूल हरवते तेव्हा विचारणारा परकाच असतो.

प्रतिध्वनी म्हणजे थट्टा नव्हे

आता त्या "नाव काय रे तुझं?"कडे येऊ. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली स्वमग्न मुलांवर जो पहिला गाजलेला लेख लिहिला, त्यातच त्यांनी नोंदवले आहे की ही मुले ऐकलेले तसेच उच्चारतात आणि 'मी'च्या जागी 'तू' म्हणतात. बराच काळ शिक्षक हे बोलणे निरर्थक समजून बंद पाडायला पाहत. १९८० च्या दशकात बॅरी प्रिझंट या वाचातज्ज्ञांनी दाखवून दिले की या प्रतिध्वनीतून मूल बरेच काही करत असते: पाळी सांभाळते, वेळ घेते, "मी ऐकले" असे कळवते. आमच्या साक्रिस्तीतल्या मुलाने प्रश्न परत केला तो बहुधा असाच, हातात आलेला चेंडू परत टाकावा तसा.

मग शिकवायचे कसे? आपण सहसा काय करतो? "तुझं नाव काय? सांग, माझं नाव बाबू." मूल ते सगळे 'सांग'सकट म्हणून दाखवते. त्याऐवजी दोन माणसे घ्यावीत. एकाने समोर बसून फक्त प्रश्न विचारावा. दुसऱ्याने मुलाच्या पाठीमागे राहून त्याच्या कानाशी फक्त उत्तर म्हणावे, "बाबू." मूल उत्तराचा प्रतिध्वनी करते आणि तेच बरोबर ठरते. काही दिवसांनी पाठीमागच्याने नुसते "बा..." म्हणावे, मग नुसते ओठ हलवावे, मग गप्प बसावे. प्रत्येक खऱ्या उत्तरानंतर लगेच काही गोड घडले पाहिजे: टाळी, झोका, आवडीचे गाणे. शिक्षिका याला मदत कमी कमी करत नेणे म्हणतात. सायकल शिकवताना बाप मागची सीट धरतो आणि न सांगता सोडतो, तोच प्रकार. रोज दहा मिनिटे पुरतात. रविवारी दोन तास करून सोमवार ते शनिवार काही नाही, याचा उपयोग नाही.

फोन नंबरासाठी चाल लावा. दहा आकडे पाच-पाच करून एखाद्या सोप्या चालीवर म्हटले तर ज्यांना धड वाक्य येत नाही अशी मुलेही ते गाऊन दाखवतात. मात्र नंबर गाणे वेगळे आणि "घरचा फोन?" असे विचारल्यावर तो सांगणे वेगळे, तेव्हा प्रश्न आणि गाणे यांची सांगड रोज घालावी. आणि एक व्यवहाराची गोष्ट: मुलाने पाठ केलेले सिमकार्ड स्वस्त योजनेच्या मोहाने बदलू नका. एका आईने नंबर बदलला, मुलगा वर्षभर जुनाच सांगत राहिला.

ज्यांना बोलता येत नाही त्यांचे काय

लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला प्रसंग आठवा. जखऱ्याची वाचा गेलेली आहे, बाळाचे नाव ठेवायचे आहे, नातेवाईक आपल्याच मनाने बापाचेच नाव द्यायला निघाले आहेत. कोणीतरी खुणा करून त्याला विचारतो. तो पाटी मागतो आणि योहान हे नाव लिहून दाखवतो. सारे चकित होतात. मुका झालेला माणूस नाव सांगू शकतो, फक्त त्याच्या हातात पाटी द्यावी लागते.

आजची पाटी अनेक प्रकारची आहे. साधी म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो: मी, आई, घर, पाणी, शौचालय, दुखते. १९८५ मध्ये अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्र दुसऱ्याच्या हातात देऊन संवाद साधण्याची पद्धत बसवली, ती आता आपल्याकडील विशेष शाळांतही वापरतात. मुंबईच्या आयआयटीने 'जेलो' नावाचे मोफत ॲप तयार केले आहे. त्यातल्या चित्रावर बोट ठेवले की फोन बोलतो, मराठीतही. पालक आम्हांला हळूच विचारतात, "चित्रांची सवय लागली तर तो बोलायचा राहणार नाही ना?" ही भीती खोटी आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशी साधने दिलेल्या २७ जणांची नीट तपासलेली माहिती होती. त्यांत एकाचेही बोलणे कमी झालेले आढळले नाही, बहुतेकांचे थोडेफार वाढलेच.

खिशातले कार्डही हवे. त्यावर नाव, घरचे नाव, दोन फोन नंबर, आणि "मला उत्तर द्यायला वेळ लागतो, कृपया थांबा" एवढे लिहावे. फिट येत असेल, एखादे औषध चालत नसेल तर तेही. हे कार्ड आतल्या खिशात असावे. छातीवर मोठ्या अक्षरांत नाव लावू नये, कारण वाईट हेतूचा माणूसही ते वाचतो आणि नावाने हाक मारली की मूल त्याच्यामागे जाते. मागितल्यावर कार्ड काढून देणे हाही शिकवण्याचा धडा आहे. गणवेशातला पोलीस, तिकीट खिडकीवरची व्यक्ती, वर्गातली बाई यांचे फोटो दाखवून त्याचा सराव करावा.

एक विषय पालकांना नकोसा वाटतो, तरी लिहितो. "नको" म्हणता येणे आणि शरीराच्या प्रत्येक भागाचे नाव ठाऊक असणे ही नावगावाइतकीच मूलभूत माहिती आहे. ज्याला सांगता येत नाही त्याला त्रास देणारा निर्धास्त असतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याने दिव्यांग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्या मुलाची बोलण्याची रीत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची सोय केली आहे. म्हणजे खुणेने, चित्राने सांगितलेलेही सांगितलेच असते.

आणि मूल हरवलेच, तर १८ वर्षांखालच्यांसाठी १०९८ आणि कोणासाठीही ११२ हे नंबर आहेत. "चोवीस तास वाट पाहा" असे कोणी म्हटले तर ऐकू नका. मूल हरवल्याच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा आदेश आहे.

आपण गप्प बसायला शिकावे

हा भाग आम्हां सर्वांसाठी, आणि आमच्या मते सर्वांत कठीण.

घरे आशीर्वादित करायला फिरताना आम्ही एका घरी गेलो. मुलगा चाळिशी ओलांडलेला, आई सत्तरीपुढची. आम्ही त्याला विचारले, "कसा आहेस?" आई म्हणाली, "बरा आहे, फादर." आम्ही विचारले, "जेवलास का?" आई म्हणाली, "आत्ताच जेवला." त्याने तोंड उघडायच्या आत त्याचे उत्तर तयार होते. चाळीस वर्षे ती त्याची जीभ होऊन राहिली होती, आणि ते प्रेमच होते. ती चहा ठेवायला आत गेली. आम्ही काहीच न बोलता बसलो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. बऱ्याच वेळाने तो आपल्या पायाकडे पाहत म्हणाला, "गुडघा दुखतो." आई कपबशा घेऊन बाहेर आली ती दारातच थांबली. तिला ते ठाऊक नव्हते.

या वयाच्या आया आम्हांला एकच प्रश्न विचारतात, "आमच्यामागे याचे काय होणार?" पैशांची, घराची सोय भाऊबहीण करतीलही. पण दुखते कुठे हे आईखेरीज दुसऱ्या कोणाला तरी सांगण्याची सवय आई असतानाच लावावी लागते. चाळिशीतही उशीर झालेला नसतो. त्या घरी आता पुतणी रोज संध्याकाळी काकाशेजारी बसते, प्रश्न विचारते आणि थांबते.

किती थांबावे? मेरी बड रोव या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्ग तपासले, तेव्हा दिसले की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर साध्या मुलांचीही उत्तरे लांब आणि चांगली येत. आपल्या या मुलांसाठी मनात दहा अंक मोजा. मध्ये प्रश्न बदलू नका, दुसऱ्यांदा विचारू नका, आवाज वाढवू नका. ती बहिरी नाहीत. आंधळ्या बार्तिमयला गप्प करायला भोवती गर्दी होतीच. प्रभू येशूने मात्र त्याला काय हवे आहे ते त्याच्याच तोंडून विचारून घेतले. त्याला काय हवे होते हे न कळण्यासारखे होते का? तरी विचारले, आणि उत्तरासाठी थांबले.

आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतली एक चूक येथेच कबूल करतो. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला उभे करून नाव विचारायचे आणि ज्याला सांगता आले नाही त्याला मागच्या बाकावर आईबरोबर बसवायचे, असे वर्षानुवर्षे चालत आले. काही मुले त्या बाकावरून कम्युनियनपर्यंत आलीच नाहीत. २०२० साली रोमहून निघालेल्या धर्मशिक्षणाच्या निर्देशिकेने स्पष्ट सांगितले आहे की दिव्यांग व्यक्तीला संस्कार नाकारता येत नाहीत. नाव सांगता येणे ही कम्युनियनची अट कधीच नव्हती, ती आम्ही बाकांच्या सोयीसाठी घातली.

तर यापुढे असे करायचे ठरवले आहे. रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही दाराशी उभे राहून या मुलांना एकच प्रश्न विचारू: "तुझं नाव काय?" त्यांच्यामागे रांग खोळंबेल, तेव्हा कृपया खोळंबा. कोणी मूल कार्ड दाखवेल, कोणी फोटो, कोणी प्रश्नच परत करील. पालकांनी उत्तर देऊ नये, आम्ही मोजत असू. चार-सहा आठवड्यांनी आमच्या जागी सिस्टर उभ्या राहतील, मग आळीप्रमुख, मग ज्यांना मुले ओळखत नाहीत असे कोणीही. स्वयंसेवकांची बैठक सणापूर्वी वेगळी घेऊ. ज्याने त्या रात्री आवाज चढवला होता, त्याने स्वतःहून नाव दिले आहे.

ज्यांच्या घरी असे मूल किंवा मोठी व्यक्ती आहे त्यांनी पुढील रविवारी तिचा एक अलीकडचा फोटो साक्रिस्तीत आणून द्यावा. चेहरा समोरून, टोपी किंवा चष्म्याची सावली नको. फोटोच्या मागे फोन नंबर आणि नोंदवहीतले नाव लिहावे, आणि त्याच्या वर, मोठ्या अक्षरांत, घरात ज्या नावाने हाक मारता ते नाव.

आपले धर्मगुरू